मोबाईलमध्ये छोटी हार्डडिस्क का बसवत नाहीत? फायदे-तोटे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००५-०६ च्या सुमारास काही मोबाईलमध्ये हार्डडिस्क असायची असं तुम्हाला कळलं. तुमचा १२८ जीबीचा फोन सारखा भरतो. मग हार्डडिस्क इतकी स्वस्त असताना फोनमध्ये १ टीबीची छोटी हार्डडिस्क का देत नाहीत?

सोलापुरात नवी पेठेत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तसले फोन माझ्याकडे आले होते, त्यातले दोन मी उघडलेही होते, म्हणून लिहितो.

हार्डडिस्क स्वस्त असते ती मोठी असल्यामुळे. लहान करत गेलं की स्वस्ताई जाते. फोन पडला तर काय, हा मुद्दा लोक सगळ्यात आधी काढतात, पण माझ्या मते खरं कारण हिशोबाचं आहे.

आमच्या पूर्व भागात यंत्रमागाचे कारखाने आहेत. चादरीच्या मागावर तुम्ही हातरुमाल विणायला घेतला तर सूत कमी लागेल, पण माग तोच, मोटर तीच, कामगाराची मजुरी तीच. रुमाल आकाराने चादरीच्या विसाव्या हिश्शाचा असला तरी खर्च विसावा हिस्सा होत नाही. हार्डडिस्कचं तसंच आहे. आत फिरणारी तबकडी असते, ती फिरवणारी मोटर, वाचायला-लिहायला हेड, हेड हलवणारा दांडा आणि खाली सर्किट. तबकडी केवढीही असो, बाकीचं सगळं लागतंच, आणि लहान आकारात ते बनवायला जास्तच अवघड. आजच्या फोनमध्ये असते त्या चिपच्या मेमरीला असला ठरावीक खर्च नसल्यात जमा. कमी जागा हवी तर छोटी चिप, जास्त हवी तर एकावर एक थर.

आता तबकडीचं गणित बघा. कॉम्प्युटरमधल्या साडेतीन इंची हार्डडिस्कची तबकडी साधारण साडेनऊ सेंटिमीटर व्यासाची असते. फोनमधल्या एक इंची डिस्कची अडीच सेंटिमीटर. व्यास पावणेचारपट कमी झाला की क्षेत्रफळ चौदापट कमी होतं. नेहमीच्या मोठ्या डिस्कच्या एका तबकडीवर २ टीबीच्या आसपास माल बसतो. तीच घनता एक इंची तबकडीवर धरली तर सव्वाशे-दीडशे जीबी होतात, आणि मधली मोटरची जागा वजा केली की त्याहूनही कमी. म्हणजे आजचं तंत्र वापरून फोनची हार्डडिस्क बनवली, तरी ती तुमच्या आत्ताच्या १२८ जीबीच्याच आसपास येऊन थांबेल. त्यासाठी फोनमध्ये काडेपेटीएवढी जागा द्यावी लागेल: जुनी एक इंची डिस्क जवळपास ४३ बाय ३६ मिलिमीटरची आणि ५ मिलिमीटर जाड होती. १५ बाय ११ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखाएवढं १ टीबीचं मेमरी कार्ड २०१९ पासून बाजारात आहे.

मग त्या काळी बसवली कशाला? कारण तेव्हा हिशोब उलटा होता, आणि बसवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं असं मी ठामपणे म्हणेन. आयबीएमने १९९९ मध्ये एक इंची मायक्रोड्राइव्ह बाजारात आणली, १७० आणि ३४० एमबीची. पुढच्या वर्षी ती १ जीबीची झाली. कॅमेरेवाल्यांना ती फार आवडली, कारण तेवढ्या क्षमतेचं चिपचं कार्ड परवडतच नव्हतं. २००४ च्या जानेवारीत ॲपलच्या आयपॉड मिनीत, म्हणजे खिशात मावणाऱ्या गाणी वाजवायच्या यंत्रात, ४ जीबीची एक इंची डिस्क आली. त्याच वर्षी तोशिबाने ०.८५ इंची डिस्क दाखवली, नाण्याएवढी, आणि ती जगातली सगळ्यात लहान हार्डडिस्क म्हणून गिनीज बुकात गेली. फोनमध्ये पहिली हार्डडिस्क सॅमसंगने त्याच २००४ मध्ये कोरियात विकायला काढली, दीड जीबीची. पुढे नोकियाचा एन ९१ आला, जाहीर २००५ मध्ये आणि हातात २००६ मध्ये, ४ जीबीचा. पुढे त्याची ८ जीबीची आवृत्तीही निघाली.

४ जीबी म्हणजे तेव्हा काय, हे आज कळणार नाही. आमच्या दुकानात १२८ आणि २५६ एमबीची कार्डं खपायची. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी लावून आम्ही त्यात वीस-पंचवीस रुपयांत गाणी भरून द्यायचो. पन्नास गाणी मावली तरी गिऱ्हाईक खूश. त्या दिवसांत एक चादरीचे कारखानदार दुबईहून आणलेला हार्डडिस्कवाला फोन घेऊन आले आणि म्हणाले, हजार गाणी आहेत यात. मी खरोखर थक्क झालो होतो.

तोच फोन वर्षभराने पुन्हा माझ्याकडे आला. ते जिन्यावरून उतरत होते, गाणं बदललं आणि त्याच क्षणी फोन हातातून सुटून शहाबादी फरशीवर पडला. मी कानाला लावला तर आतून टक... टक... टक असा आवाज. हेड जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाही, असा तो आवाज असतो. ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही. आत त्यांच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते.

तरीही पडण्याबद्दल मी तुम्हाला न्यायाने सांगतो. छोट्या डिस्कचे भाग हलके असतात, त्यामुळे त्या मोठ्या डिस्कपेक्षा धक्का जास्त सोसतात. वाचन चालू नसताना हेड तबकडीवरून बाजूला काढून ठेवलेलं असतं, तेव्हा पडली तर बहुधा काही होत नाही. सव्वा मीटरवरून पडायला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि पडतोय हे ओळखणारा सेन्सर असेल तर तेवढ्या वेळात हेड बाजूला घेता येतं. धोका असतो तो वाचन-लेखन चालू असतानाच्या धक्क्याचा. त्याच कारखानदारांची आधीची तक्रार होती की मागाच्या फ्रेमवर फोन ठेवला की गाणं अडखळतं. धोटा दर ठोक्याला आदळतो, फ्रेम थरथरते, हेड रेषेवरून हलतं आणि तीच जागा पुन्हा वाचावी लागते. फोन खिशात ठेवायला सांगितल्यावर ती तक्रार थांबली.

वेगाचा मुद्दा मला पडण्याहून मोठा वाटतो. एक इंची डिस्क मिनिटाला ३,६०० फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला ६०. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ८ मिलिसेकंद, आणि हेड तिथे न्यायला दहा-बारा. एका जागी पोचायला २० मिलिसेकंद धरा, म्हणजे सेकंदाला पन्नास जागा. गाण्याला हे पुरतं, कारण गाणं एका ओळीत वाचायचं असतं. आजचा फोन एक व्हॉट्सॲप उघडताना शेकडो छोटे तुकडे इकडून-तिकडून गोळा करतो. चिपला त्यातला प्रत्येक तुकडा मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात मिळतो. हार्डडिस्कवर तोच फोन तुम्ही चार दिवसही वापरणार नाही.

बॅटरीचंही यालाच जोडून आहे. मोटर सुरू होताना सगळ्यात जास्त करंट ओढते. २००१ च्या पहिल्या आयपॉडने त्यावर छान तोड काढली होती: ३२ एमबी रॅममध्ये पुढची गाणी भरून घ्यायची आणि डिस्क झोपवून टाकायची. मग वीसेक मिनिटं डिस्कला हात लावायला नको. नुसतं गाणी वाजवणाऱ्या यंत्राला हे जमतं. आजचा फोन खिशात असतानाही काही ना काही लिहीत असतो, त्यातली डिस्क झोपणार कधी?

हवेची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की ते खाली येतं, म्हणून साध्या हार्डडिस्कना साधारण ३,००० मीटर उंचीची मर्यादा सांगितलेली असते. सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे, इथे प्रश्न नाही. पण लेह ३,५०० मीटरवर आहे. लडाखला फिरायला गेलात की फोन वापरायचा नाही असं होईल.

शेवट लवकर झाला. सप्टेंबर २००५ मध्येच आयपॉड मिनी बंद होऊन नॅनो आला, डिस्क जाऊन चिप. २००७ मध्ये आयफोन चिपवरच आला, आणि त्याच वर्षी नोकियाने एन ९५ चा ८ जीबीचा फोन काढला, तोही हार्डडिस्कशिवाय. मोठ्या आयपॉडमध्ये मात्र १.८ इंची डिस्क २०१४ पर्यंत टिकली. तबकडी मोठी होती, क्षमता १६० जीबी होती, म्हणून तिला तेवढी वर्षं मिळाली.

आता फायद्याची बाजू, आणि ती मला मनापासून मांडायची आहे. हार्डडिस्कवर कितीही वेळा लिहा, चिपच्या पेशीसारखी ती लिहिण्याने झिजत नाही. बिघडताना बऱ्याचदा आवाज करते, मंदावते, सूचना देते. आणि बिघडल्यावर तबकडी शाबूत असेल तर माल परत मिळू शकतो. त्या कारखानदारांची डिस्क मी पुण्याला रिकव्हरीवाल्याकडे पाठवली. त्याने धूळविरहित खोलीत उघडून दुसरं हेड बसवलं आणि लग्नाचे बहुतेक फोटो काढून दिले. खर्च जबर आला, पण फोटो आले.

याउलट कोविडनंतर एक ताई पाण्यात पडलेला फोन घेऊन आल्या. नवरा गेला होता, त्याचे आवाजातले मेसेज त्यात होते. आजच्या फोनमध्ये मेमरीवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरमध्ये. नुसती मेमरी चिप काढून उपयोग नाही, मूळ बोर्ड जिवंत व्हावा लागतो. मी चार दिवस त्या बोर्डवर काम केलं. तो उठला नाही. त्यांना ते सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

म्हणून तुम्ही फोनमध्ये हार्डडिस्क शोधू नका, घरी एक घ्या. अडीच इंची १ टीबीची पोर्टेबल डिस्क चालेल. काही फोन तिला पुरेसा करंट देत नाहीत, डिस्क टिकटिकते आणि दिसत नाही. तेव्हा वेगळा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब लावा किंवा कॉम्प्युटरवरून कॉपी करा. डिस्क चालू असताना हलवू नका. महिन्यातून एकदा फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपचं फोल्डर तिच्यात टाका, चार-पाच फाईली उघडून बघा, मगच फोनमधून पुसा. आणि जे एकदा गेलं तर परत मिळणार नाही, आईवडिलांचे आवाज, लग्नाचे फोटो, ते एका पेनड्राइव्हवरही ठेवा आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे, ठेवायला द्या.