माल आधी की चेक आधी?

प्रश्न (इचलकरंजी): सुताच्या व्यापाऱ्याचे १८ लाख माझ्याकडे थकले. त्याच्याकडे सिक्युरिटी म्हणून सही केलेले कोरे चेक होते. ते त्याने भरले आणि 'खाते बंद' शेऱ्याने परत आले. नोटीस आली होती, मी उत्तर दिले नाही. आता फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला आहे. धंद्यातलीच उधारी आहे, हायकोर्टात रद्द होईल ना?

उत्तर: व्यवहार धंद्यातला आहे, एवढ्यावर गुन्हा रद्द होत नाही. फिर्यादीची (एफआयआरची) नक्कल घ्या आणि एकच ओळ शोधा: चेक मालाच्या आधी दिले की नंतर? फसवणुकीच्या गुन्ह्याला माल घेतानाच मनात खोट असावी लागते. माल आधी पोचला, चेक नंतर मिळाले, असे फिर्यादीनेच लिहिले असेल तर चेकला भुलून माल दिला असे त्याला म्हणता येणार नाही.

चेक आधी दिल्याचे लिहिले असेल, तर खाते कधी बंद झाले यावर सगळे येऊन ठेपते. बँकेकडून लेखी घ्या: खाते बंद झाल्याची तारीख, ते चेकबुक कधी दिले आणि त्यातले मागचे-पुढचे नंबर कधी वटले. खाते आधीच बंद होते आणि चेक नंतर दिले असे निघाले, तर गुन्हा रद्द करण्याच्या अर्जाच्या भानगडीत न पडता तडजोड करा; फिर्यादीच्या संमतीने असे गुन्हे बहुधा रद्द होतात. खाते बंद करताना कोरे चेक परत मागायला हवे होते. निदान नोटिशीला उत्तर देऊन हे कळवले असते, तर आज हातात एक कागद असता. उत्तर न देणे हा फार महागात पडणारा आळस आहे.

विश्वासघाताचे कलम मात्र टिकू नये. विकलेला माल खरेदीदाराच्या मालकीचा होतो, तो सांभाळायला सोपवलेला नसतो. दिल्ली रेस क्लबने घोड्यांच्या धान्याचे पैसे थकवल्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये हेच सांगितले.

गुन्हा रद्द करण्याचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ५२८ खाली, आता मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे. दोषारोपपत्रानंतरही तो चालतो, पण तोवर जबाबांनी फिर्यादीतल्या फटी बुजवल्या जातात, म्हणून थांबू नका. सोबत बँकेचा उतारा जोडा, आधीची किती बिले चुकती केली ते त्यात दिसेल. वाद नसलेले असेच कागद कोर्ट विचारात घेते. तुमची खातेवही सहसा नाही.

तपासाला लगेच स्थगिती मिळेल असे धरू नका, सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निहारिका निकालानंतर ती क्वचित मिळते आणि तारखा पडत राहतात. अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात वेगळा करा. पोलिसांची नोटीस आली तर हजर राहा, पण वकिलाला विचारल्याशिवाय 'हप्त्याने पैसे भरतो' असे ठाण्यात लिहून देऊ नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा, चेक न वटल्याचा खटला झाला, तर तो वेगळा लढावा लागेल. हा गुन्हा रद्द झाल्याने तो सुटत नाही.