थंड देशात काडीकिडा कसा जगतो? बागेत सापडला तर मारावा का?

मारू नका, आधी एवढं ऐका. तुम्ही धुळ्याचे, सध्या इंग्लंडात कॉर्नवॉलला, आणि कुंपणाच्या ब्लॅकबेरीवर हिरवी काडी चालताना दिसली म्हणून घाबरलात. आमच्या यावलकडे थोरल्या काकांचं यावर एकच उत्तर: "हाऊ किडा इखारी शे, मारी टाक!" कसला विखारी? ना नांगी, ना विषाचा दात, नुसता पाला खातो. शिकार करतो तो पुढचे पाय जोडून बसणारा खंडोबाचा किडा, आणि काका दोघांना एकाच चपलेने मारतात.

तुमचा बहुधा न्यूझीलंडचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या झाडांबरोबर आला आणि नैऋत्य इंग्लंडच्या सौम्य हिवाळ्यात रुळला. कडाक्यात मोठे किडे मरतात, पाचोळ्यातली अंडी तगतात. नर लागतच नाही, एकटी मादी वंश चालवते. पुढच्या पायांच्या बुडाशी आतून लाल डाग दिसला तर मात्र तो कुणाच्या तरी पेटीतून निसटलेला दक्षिण भारतातला. तो तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत टिकत नाही.

ठेवायचाच असेल तर पेटी उभी घ्या, किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच. कात टाकताना तो उलटा लटकून जुन्या कातडीतून खाली सरकतो. जागा कमी पडली किंवा हवा कोरडी असली की पाय अडकतात आणि वाकडेच वाळतात. म्हणून रोज संध्याकाळी पानांवर बारीक फवारा. ब्लॅकबेरीच्या फांद्या पाण्याच्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर पिल्लं बुडतात. औषध मारलेला पाला नको. उचलताना पाय धरू नका, तो सोडून देतो. वाढत्या वयात पुढच्या कातींत पुन्हा फुटतो, पूर्ण वाढलेल्याला नाही.

तळाला कागद घाला. बाजरीच्या दाण्याएवढी, एका टोकाला झाकण असलेली अंडी लेंड्यांत मिसळलेली असतात. ती कचऱ्यात फेकू नका, दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मगच टाका. परदेशी जात बाहेर सोडणं तिथे 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे.

हो, एक राहिलं. फ्लोरिडाकडे एक पट्टेवाला काडीकिडा डोळ्यांवर नेम धरून पांढरा द्रव उडवतो. डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जावं लागतं. हे काकांना अजून सांगितलेलं नाही.