सक्युबसला मराठीत काय म्हणायचं? जखीण चालेल का?

प्रश्न असा आलाय: "मी हजारेक शब्दांची एक भयकथा लिहितेय. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ रात्री पांढऱ्या साडीतली एक सुंदर बाई बाईकवाल्यांना लिफ्ट मागते, भुरळ घालते, सकाळी नुसती बाईक सापडते. इंग्लिशमध्ये हिला सक्युबस म्हणतात. मराठीत हडळ म्हणू, जखीण म्हणू, कामपिशाच्च म्हणू, का सरळ सक्युबसच ठेवू?"

सक्युबस नको हो. पुण्यात हा शब्द वाचला की आधी डोक्यात येतं, ही स्वारगेटवरून किती वाजता सुटते.

कामपिशाच्च हा शब्द तसा चुकीचा नाही. कानात येऊन गुपितं सांगणारं कर्णपिशाच्च आपल्याकडे आहेच, त्याच साच्यात हे बसतं. पण वाचताना डब केलेल्या सिरियलचा वास येतो आणि घाटात घाबरलेला माणूस 'कामपिशाच्च!' असं ओरडेल हे काही पटत नाही, जोडाक्षरापर्यंत पोचेपर्यंत तिने त्याला नेलेलं असेल. चेटकीण तर नकोच, ती जिवंत बाई असते, चेटूक करणारी.

राहिल्या हडळ आणि जखीण, आणि खरी गंमत इथेच आहे. सक्युबस हा लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ 'खाली निजणारी', तिचा पुरुष जोडीदार इन्क्युबस म्हणजे 'वर निजणारा' (अंडी उबवायचं इन्क्युबेटर पण त्याच धातूतलं, हे कळल्यापासून मला पोल्ट्रीत गेलं की उगाच हसू येतं). म्हणजे तिकडे नाव पडलं ते ती काय करते यावरून. ती आधी कोणाची मुलगी नव्हती, बायको नव्हती, थेट सैतानच. आपल्याकडे उलटं आहे, आपली भुतं आधी माणसं असतात आणि त्यांचं नाव ठरतं ती कशी मेली यावरून. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात किंवा विटाळात गेली ती हडळ, काही ठिकाणी तिलाच अळवंतीण म्हणतात. विधवा गेली ती लावसट. आणि सवाष्ण गेली, म्हणजे नवरा मागे राहिला, ती जखीण. गावागणिक यात थोडं इकडचं तिकडे होतं, पण जुनी वाटणी साधारण अशी. यातल्या एकाही नावात मोह, वासना वगैरे काहीही नाही.

त्यामुळे तुम्ही 'जखीण' लिहिलंत की जाणता वाचक लगेच विचारणार, हिचा नवरा कोण, जिवंत आहे का, आणि दुसरं लग्न केलंय का? जुन्या समजुतीत जखीण सगळ्यात जास्त छळते ती मागून आलेल्या बायकोला. म्हणजे एका शब्दात तुम्हाला अख्खी मागची गोष्ट फुकट मिळते, हजार शब्दांच्या कथेत हे केवढं सोयीचं आहे बघा, बाईकवाल्यांपैकी एक जण तोच नवरा निघाला तर वेगळं काही सांगावंच लागत नाही. हडळ लिहिलंत तर मात्र कुठेतरी एक मूल आलं पाहिजे.

आता साडी. पांढरी साडी ही जास्त करून हिंदी सिनेमामुळे डोक्यात बसलेली आहे, जखिणीच्या कपाटात ती नाहीये. सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात, म्हणजे जखीण हिरव्या साडीत आणि हिरव्या बांगड्यांत येणार. बरं लावसट करावी म्हटलं तरी पांढरं जमत नाही, कारण आपल्या पेठांमधल्या ब्राह्मण घरांत केशवपन केलेल्या विधवा आलवण नेसायच्या आणि ते लाल असायचं. विचार करा, हेडलाइटच्या उजेडात आधी हातभर हिरव्या बांगड्या दिसतात. मला तरी पांढऱ्या साडीपेक्षा याचीच जास्त भीती वाटेल.

जखीणचा मूळ शब्द संस्कृत यक्षिणी. यात्रा ची जत्रा झाली, योगी चा जोगी झाला तसा य चा ज, आणि लक्ष चं लाख झालं तसा क्ष चा ख, की झाली जखीण. म्हणजे देखणी, धनाची राखण करणारी यक्षिणी मराठीत येईपर्यंत कोणाची तरी मेलेली बायको झाली. अप्सरेचं याच्या बरोब्बर उलट झालंय. अप्सरा, प्राकृतात अच्छरा, मराठीत आसरा (मत्स्य-मच्छ-मासा त्याच वाटेने गेलेत). स्वर्गात ऋषींची तपश्चर्या मोडणारी ती, आणि आपल्याकडे विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड, साती आसरा, ज्यांची बायका ओटी भरतात. मोह पाडणं तिचं मूळ काम, ते पार पुसलं गेलं.

मग मराठीत भुरळ गेली कुठे? ती क्रियापदांत आहे. तुमच्या कथेचं खरं काम तिथेच होईल, नामावर एवढं अडून बसू नका. 'तिने त्याला मोहात पाडलं' हे कोणीही लिहील, वर कीर्तनातलं वाटतं. त्यापेक्षा 'लागणे' बघा. भूक लागते, तहान लागते, वेड लागतं आणि भूतही लागतंच. 'तो तिच्या नादी लागला' म्हटलं की दोष त्याचा. 'तिने त्याला नादी लावलं' म्हटलं की तिचा. आणि 'ती त्याला लागली' एवढंच म्हटलं की तो बिचारा चतुर्थी विभक्तीत जाऊन बसला, त्याच्या हातात काही उरलंच नाही. 'धरणे' पण असंच, 'त्याला जखिणीने धरलंय'. 'झपाटणे' मात्र सध्या वाया गेलंय, कामाने झपाटलेला, वाचनाने झपाटलेला असं कौतुकात वापरून वापरून त्यातली भीती गेली.

आणि शक्य असेल तर कथेतल्या माणसांच्या तोंडी नाव घालूच नका. आमची आजी तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून फिरणाऱ्या माझ्या बहिणीला 'जखिणीसारखी काय हिंडतेस' असं बिनधास्त म्हणायची, पण खरोखर कोणाला काही झालं असेल तर आवाज खाली आणून फक्त 'त्याला बाहेरचं झालंय' म्हणायची. बाहेरचं, बस्स. घाटात चहाची टपरी असेलच तुमच्या कथेत, तर टपरीवाल्याला एवढंच बोलू द्या आणि 'जखीण' शब्द निवेदकाकडे ठेवा, तोही एकदाच.

लिहिताना जखीण मधला खी दीर्घ, पण जखिणीने, जखिणी, जखिणीचा यात खि ऱ्हस्व. हडळ चं हडळीने, हडळी. तुमच्या प्रश्नात पिशाच्च लिहिलंय ते बरोबर आहे, संस्कृतात पिशाच, मराठीत आपण च्च करतो.