दुखणं नेमकं कुठे आहे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 31. मला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे. संबंधाच्या वेळी सुरुवातीला त्रास नसतो, पण आत खोलवर धक्का बसला की ओटीपोटात कळ येते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकतं. मिस्टरांनी मऊ रिंगांचा संच ऑनलाइन मागवलाय. उपयोग होतोय की नाही, हे ओळखायचं कसं?

उत्तर : या रिंगा तुमच्यासारख्या खोलवरच्या दुखण्यासाठीच आहेत. त्या लिंगाच्या मुळाशी एकावर एक बसवतात. जितक्या जास्त रिंगा, तितकं लिंग कमी खोल जातं, आणि गर्भाशयामागची हुळहुळी जागा धक्क्यातून वाचते. कॅनडात युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियामध्ये एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांवर अशा रिंगांची छोटी, प्राथमिक चाचणी झाली आहे. त्यातही दुखण्याला 0 ते 10 असे गुण दिले होते. तेच तुम्ही घरी करा.

एक वही घ्या. प्रत्येक वेळी तारीख, पाळीचा कितवा दिवस, आसन, किती रिंगा, शिरतानाचे गुण, खोलवरचे गुण आणि नंतर किती तास ठणकलं ते लिहा. पहिल्या काही नोंदी रिंगेशिवायच्या हव्यात, पण नोंदीसाठी कळ सोसायची नाही. दुखलं की थांबायचं आणि तोच आकडा लिहायचा. पाळीचा दिवस विसरू नका. एंडोमेट्रिओसिसचं दुखणं पाळीच्या आसपास बहुधा वाढतं. रिंगेशिवायची नोंद पाळीच्या तोंडावर आणि रिंगेची नोंद महिन्याच्या मधोमध झाली, तर नसलेलं श्रेय रिंगेला जाईल.

सगळ्या रिंगांपासून सुरुवात करा आणि नंतर एकेक कमी करत जा. त्याच दिवशी आसन किंवा जेल बदलू नका. नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. एखाद्या वेळी एक गुण कमी झाला तर लगेच हुरळून जाऊ नका. सलग चार-पाच वेळा दोन किंवा जास्त गुणांनी उतरलं, तर फरक खरा समजा.

रिंग कोरडी राहिली की गुंडाळते आणि केस ओढले जातात, म्हणून तिच्या आतून-बाहेरून पाण्यावर आधारित जेल लावा. खोबरेल तेल नको, त्याने लॅटेक्सचा कंडोम फाटतो. कंडोम आधी, रिंग त्यावर. मिस्टरांना बधिर वाटलं किंवा कातडी निळसर दिसली तर रिंग लगेच काढा. शिरतानाचे गुणही चढे असतील, तर तिथे रिंगेचा उपयोग नाही. आणि आजार आत आहेच, त्याचे उपचार चालू ठेवा.

प्रश्न : माझं दुखणं शिरतानाच होतं. डॉक्टरांनी व्हजायनिस्मस (योनीचे स्नायू आपोआप आवळले जाणं) सांगून डायलेटर, म्हणजे योनीत घालून सराव करायच्या वाढत्या आकाराच्या नळ्या, दिले. पहिला जातो, दुसरा तीन आठवडे अडलाय.

उत्तर : बहुतेक वेळा दिशा चुकते. योनिमार्ग सरळ वर जात नाही, पाठीकडे वळतो. उताणं झोपून गुडघे दुमडा आणि टोक माकडहाडाच्या दिशेने धरा. श्वास सोडताना अर्धा सेंटिमीटर सरकवा. स्नायूंनी पकडलं की ढकलू नका, बाहेरही ओढू नका. तिथेच थांबून तीन-चार लांब श्वास घ्या, पकड आपोआप सैल होते. रोज लहान आकारानेच सुरुवात करा, पाच मिनिटं ठेवा, मग दुसऱ्याचं फक्त टोक. एका वेळी 10 ते 15 मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा पुरे. दुखण्याचे गुण (0 ते 10 पैकी) तीनच्या वर गेले की त्या दिवशी बंद. जोर केला तर शरीर पुढच्या वेळी आधीच आवळून घेतं, आणि मागच्या आठवड्याची मेहनत वाया जाते. डायलेटर सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉन जेल वापरू नका, पृष्ठभाग खराब होतो.

तरीही अडलं तर डॉक्टरांकडून कापसाच्या बोळ्याने तपासून घ्या. योनीच्या तोंडाशी एखाद्याच जागी स्पर्शाने आग होत असेल, तर दुखणं कातडीचं आहे आणि औषध वेगळं लागेल. पेल्व्हिक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा गेलात तर डायलेटर वापरायची पद्धत सुधारते.

प्रश्न : वय 54, पाळी गेल्यावर कोरडेपणा आणि दुखणं. एका क्लिनिकने लेझरची तीन सत्रं सुचवलीत. घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने जुलै 2018 मध्ये योनीसाठीच्या अशा लेझर उपकरणांबद्दल भाजणं, व्रण आणि कायमचं दुखणं यांचा इशारा दिला होता. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत पाळी गेलेल्या 85 स्त्रियांपैकी काहींना खरं लेझर आणि काहींना नुसतं लेझरचं सोंग दिलं. एका वर्षानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. आधी योनीत लावायचं मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी जेल वापरून पाहा. त्याने भागलं नाही तर कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ते आधी सांगा. पाळी गेल्यावर थोडंही रक्त दिसलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याची तपासणी आधी करून घ्या.