ढगात घाम फुटतो? आधी पेन बांधून ठेव

आयआर (फक्त उपकरणं बघून विमान उडवायचं रेटिंग) हाती आलं, पण तिरोड्यावर पहिला खराखुरा ढग लागला आणि हात घामाने ओले झाले, आता पुन्हा ढगात शिरवत नाही, असं लिहिलंस. लाजतोस काहून भाऊ? आमच्या बॅचच्या सगळ्या पोट्ट्यांचं हेच झालं होतं. आयआरसाठीच्या तुझ्या 40 तासांतले 20 पर्यंत सिम्युलेटरचे चालतात, उरलेले बहुतेक हूडखालचे (बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर लावायची झापड). हूडच्या कडेने ऊन आणि धानाच्या बांध्या दिसत राहतात, मेंदू त्यावर निर्धास्त असतो. ढगात ती फट बुजते.

श्रावणात एकदा गोंदियाहून नागपूरला येत होतो. भंडाऱ्याच्या पुढे साधा पांढरा थर होता. पेन पडलं, मी वाकलो. मान वर केली तर कृत्रिम क्षितिज (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) चांगलं 25 अंश कललेलं, आणि अंग ठासून सांगतंय की सरळ आहोत! विमान सरळ केलं तेव्हा उलट्या बाजूला पडतोय असं वाटू लागलं, मिनिटभर तरी. वळण एकसारखं राहिलं की आतल्या कानातला द्रव दहा-वीस सेकंदांत स्थिरावतो, मग वळतोय हे कळतच नाही. तेव्हापासून माझं पेन मांडीवरच्या नी-बोर्डला (लिहायच्या पाटीला) दोरीने बांधलेलं असतं.

तर पहिले काही ढग इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवूनच घे, विमान आयएफआरचं (उपकरणांवर ढगात उडायला मान्यता असलेलं) असेल तरच. थर पातळ, ढगाचा पाया 3,000 फुटांच्या आसपास आणि वर ऊन, असा दिवस निवड. पाच मिनिटं आत, मग बाहेर. यॉक (विमानाचं स्टिअरिंग) दोन बोटांनी धर. मूठ आवळलीस की उंची हलते, मग तू आणखी आवळतोस. ट्रिमला (हातावरचा जोर काढून घेणाऱ्या सोयीला) काम करू दे.

आपल्याकडे एक सोय आहे. पावसाळ्यात गोठणपातळी (जिथून वर पाणी गोठतं ती उंची) 16-18 हजार फुटांवर असते, त्यामुळे पाच-सहा हजारांवर विमानावर बर्फ साचायची धास्ती नाही. पण त्याच गुळगुळीत थरात सीबी (गडगडाटी वादळाचा ढग) लपलेला असू शकतो, म्हणून निघण्याआधी नागपूरचं रडार बघच. मेघगर्जनेचा अंदाज असेल तर चहा पी आणि घरी जा.

कॅट वन आयएलएसला (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर) धावपट्टी न दिसता 200 फुटांपर्यंत उतरता येतं, तू सध्या स्वतःचा आकडा 800 ठेव. धावपट्टी समोर दिसत असतानाही मुद्दाम मिस्ड अप्रोच (न उतरता पुन्हा वर चढणं) मार, कंटाळा येईपर्यंत. पॉवर, पिच, फ्लॅप, गिअर हे हात आपोआप करू लागले की 800 चे 600 कर, आणि तेही इन्स्ट्रक्टरला विचारून.