विकसनशील देशांत कारखान्यांचं हवाप्रदूषण कमी करायला कोणतं धोरण खरंच चालतं?

मर्यादा कडक करा, दंड वाढवा, कर लावा, हे पर्याय नेहमीच सुचवले जातात. मी एवढंच विचारतो: धूर मोजणाऱ्याचे पैसे कोण देतं?

सहा वर्षं मी एका खासगी लॅबसाठी स्टॅक मॉनिटरिंग, म्हणजे चिमणीतल्या धुराची मोजणी करायचो. शिडीने चिमणीवर चढायचं, पोर्टमधून प्रोब आत घालायचा, थिंबलवर (छोट्या गाळणीवर) धूळ गोळा करायची, खाली येऊन वजन करायचं. एकदा एका बॉयलरचा आकडा ३४० निघाला. मर्यादा होती १५० मिलिग्रॅम प्रति घनमीटर. धूळ अडवणारा बॅग फिल्टर होता, पण बायपास केलेला, धूर त्याला वळसा घालून जायचा. (दुरुस्तीला काढलाय म्हणे. शिडीच्या पायऱ्यांवर बोटभर राख होती, ती काय एका दिवसाची?) अहवालात छापलं १३८. मी सही केली नाही. लॅबचे साहेब शांतपणे म्हणाले, "अरे, बिल कारखानेवालेच भरतात. आपण नाही दिला तर दुसरी लॅब देईल." पुढच्या आठवड्यापासून मी सांडपाण्याच्या बाटल्या भरत होतो.

साहेबांचं ठाम मत, मालकाची नियत बदलल्याशिवाय काही होत नाही. साफ चूक. गुजरातमध्ये २००९ पासून दोन वर्षं एक प्रयोग झाला. काही कारखान्यांना ऑडिटर (प्रदूषण मोजून अहवाल देणारे) चिठ्ठी टाकून नेमून दिले, ठरलेली फी सामायिक निधीतून दिली आणि काही मोजमापं दुसऱ्यांकडून पुन्हा करून घेतली. जुन्या पद्धतीत, म्हणजे कारखानाच ऑडिटर निवडून पैसे द्यायचा तेव्हा, आकडे मर्यादेच्या जरासे खाली दाटीवाटीने बसलेले असायचे. नव्या पद्धतीत ऑडिटर खरं लिहायला लागले, आणि कारखान्यांचं प्रदूषणही घटलं. मालक तेच, नियतही तीच.

सुरतमध्ये २०१९ साली कारखान्यांमध्ये धूलिकण सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी उतरलं. कौतुक बाजाराचं होतं. पण आधी चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसली, म्हणून तो बाजार उभा राहिला. त्या यंत्रांचं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर दाखवतात का याची जुळणी) मालकाच्याच माणसाकडे गेलं की झालं पुन्हा १३८.

हां, वीटभट्ट्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथे मोजत बसण्यापेक्षा झिगझॅग भट्टी (गरम हवा नागमोडी फिरून इंधन नीट जळतं अशी) बांधायला लावणं सोपं.

प्रबंधासाठी विचारत असाल तर नियमांचे तक्ते नंतर चाळा. आधी जुने अहवाल मागवा आणि १३० ते १५० मध्ये किती आकडे कोंबलेत ते मोजा. त्यातला एक आमच्या साहेबांचा असेल.