जुन्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनचे फोटो सावकाश पाहिले. हात स्थिर आहे, चौकट नेटकी आहे. पण बहुतेक फोटो रात्रीच्या रंगीत रोषणाईतले आहेत आणि तिथेच माझं तुझ्याशी भांडण आहे. जांभळ्या-हिरव्या दिव्यांखाली मालाडचा पिवळसर दगड कोणता आणि काळसर बेसाल्ट कोणता, हे ओळखूच येत नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८७८ पासून दहा वर्षं बांधली जात होती. ते दगडकाम तुझ्या फोटोत सापडत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की जुन्या वास्तूचा फोटो ही नोंद आहे असं धरून काढ. देखणेपण मागून येतं. उद्या एखादा दगड झिजून बदलायची वेळ आली, तर तुझा फोटो समोर ठेवून कारागिराला त्यावर कोरलेला मोर पुन्हा कोरता यायला हवा.

त्यासाठी उन्हाची दिशा ओळख. सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेला आहे. सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. तेव्हा घुमटाची बाह्यरेषा तेवढी टिप. भर दुपारी फोटो काढू नयेत असं सगळे सांगतात, पण इथे सूर्य माथ्यावरून नुकता कलतो तेव्हा ऊन भिंतीला घासून खाली उतरतं. प्रत्येक पान, पक्षी, चेहरा आपली सावली टाकतो आणि कोरीवकाम उठून येतं. तासाभरात ऊन समोरून येऊ लागलं की तेच काम सपाट दिसतं. दगडाचा खरा रंग हवा असेल तर ढगाळ दिवस बरा.

तुझ्या दोन फोटोंत मनोरे मागे झुकलेत. कॅमेरा वर तिरका धरला की असं होणारच. तो भिंतीला समांतर धर आणि रस्त्यापलीकडे जाऊन मागे सरक. खाली रस्ता जास्त आला तरी चालेल, तो नंतर कापता येतो. समोरच्या एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर परवानगी मिळाली तर फारच उत्तम. संगणकावर रेषा सरळ करता येतात, पण त्यात कडा कापल्या जातात. म्हणून चारी बाजूंनी जागा सोडून ठेव.

मग जवळ जा. दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेट यांचा चेहरा कोरलेला आहे, तो शोध. मधल्या घड्याळाखालचा कोनाडा रिकामा आहे. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. रिकामा म्हणून तो सोडू नकोस, तीही नोंदच आहे. आत तिकीटघराच्या छताकडे बघ आणि खालच्या रांगेलाही फोटोत जागा दे. खांबाला टेकून शटर थोडं संथ ठेवलंस तर रांगेतली माणसं स्पष्ट येतील आणि धावणारी पुसट होतील. माणसांवाचून काढलेलं स्टेशन मला अपुरं वाटतं. ट्रायपॉड लावण्याआधी मात्र रेल्वेची परवानगी घे.

तिथून भायखळ्याला जा. त्या स्टेशनच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. अशा ठिकाणी नवं आणि जुनं काम कुठे जुळवलंय, तो सांधा शोधून टिप. पुढे कधीतरी तिथे काम करणाऱ्यांना तोच लागेल.

पणजीच्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीत जाणार आहेस म्हणतेस. ती राहती घरं आहेत. लोकांच्या पायऱ्यांवर चढून फोटो काढणाऱ्यांना कंटाळून तिथल्या काही रहिवाशांनी मनाईच्या पाट्या लावल्यात, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. दारात कुणी बसलं असेल तर आधी बोल. नको म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेव.

घरी आलीस की त्याच दिवशी तारीख, वेळ, इमारतीची कोणती बाजू, एवढं लिहून काढ आणि मूळ फाइल दोन वेगळ्या घरांत ठेव. ही माझी कटकट वाटेल, पण मुंबईच्या ज्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी सीएसएमटीच्या कोरीवकामात हात घातला, त्याच स्कूलमधल्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर वर्षानुवर्षं अजिंठ्यात बसून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या होत्या. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलाही १८६६ मध्ये लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये अशाच गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत एकेका जागी ठेवली होती.

पुढच्या खेपेला दुपारचे फोटो पाठव, टिपणांसकट.

तुझे
काका